विश्वाला अंत आहे का?

दिसते तेवढे विश्व मोजता आले आहे. त्यापलीकडे किती आहे, हा प्रश्न मात्र अद्याप खुला आहे. भास्कराचार्यांपासून डॉ. जयंत नारळीकरांपर्यंत महाराष्ट्रातील अभ्यासकांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. त्याचा हा आढावा.

विशेष प्रतिनिधी, कांदिवली

कांदिवलीच्या चारकोपमध्ये किंवा ठाकूर संकुलात रात्री गच्चीवर जाऊन आकाश पाहिले, तर दिव्यांच्या झगमगाटातून मोजकेच तारे दिसतात. तरीही वर पाहणारे प्रत्येक मूल एक प्रश्न हमखास विचारते : हे सारे कुठवर पसरले आहे? त्यावर मोठ्यांकडून दोन उत्तरे मिळतात. 'विश्व अनंत आहे' हे एक आणि 'विश्वाचा व्यास ९,३०० कोटी प्रकाशवर्षे आहे' हे दुसरे. दोन्ही उत्तरे ठामपणे दिली जातात आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे मुलाच्या लगेच लक्षात येते.

हा घोटाळा होतो, कारण येथे तीन निरनिराळे प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. आपल्याला विश्व किती दूरवर दिसू शकते, हा पहिला प्रश्न. विश्वाला कोठे कडा किंवा भिंत आहे का, हा दुसरा. आणि संपूर्ण विश्वाचा आकार मोजता येण्याजोगा, म्हणजे सांत आहे की अनंत, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर आज बऱ्याच अचूकपणे देता येते. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे आहे, याबाबत शास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाही. तिसऱ्याचे उत्तर कोणालाही ठाऊक नाही. मात्र ते शोधण्याचे मार्ग सापडले आहेत.

रात्र काळोखी का?

विश्व अनंत आहे, त्यात सर्वत्र तारे विखुरलेले आहेत आणि ते सदासर्वकाळ असेच आहे, असे क्षणभर गृहीत धरू. कांदिवलीच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. त्याच्या दाट भागात उभे राहिल्यावर कोणत्याही दिशेला पाहिले, तरी नजर शेवटी कोणत्या ना कोणत्या झाडाच्या बुंध्यावर जाऊन थांबते. त्याचप्रमाणे अनंत आणि अनादी विश्वात कोणत्याही दिशेला पाहिले, तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच पडायला हवी. तसे असते, तर रात्रीचे सारे आकाश सूर्यबिंबासारखे प्रखर दिसले असते.

प्रत्यक्षात रात्र काळोखी असते. ही अडचण केप्लरने १६१० मध्ये मांडली होती. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये ती नव्याने चर्चेत आणली. त्यांचेच नाव तिला मिळाले आहे.

या काळोखावरून विश्व सांत आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण तो निघत नाही. विश्वाचे वय मर्यादित असले, तर दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला पुरेसा काळच मिळालेला नसतो. शिवाय विश्व प्रसरण पावत असल्याने दूरवरून येणारा प्रकाश क्षीण होत जातो. तेव्हा काळोखी रात्र विश्वाच्या आकाराविषयी नव्हे, तर त्याच्या इतिहासाविषयी सांगते.

दृष्टीचे क्षितिज

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. कांदिवली ते चर्चगेट हा लोकलचा सुमारे तासाभराचा प्रवास प्रकाश एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात पुरा करेल. हाच प्रकाश वर्षभरात साडेनऊ लाख कोटी किलोमीटरच्या आसपास अंतर कापतो. यालाच प्रकाशवर्ष म्हणतात. सूर्याखेरीज आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, तर देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर.

याहून कितीतरी मोठ्या अंतरांचा वेध पुण्यातील संशोधकांनी घेतला आहे. जुलै २०१७ मध्ये 'आयुका' या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने दीर्घिकांच्या एका महासमूहाचा शोध जाहीर झाला. त्याला 'सरस्वती' असे नाव देण्यात आले. मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर असलेला हा महासमूह सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे पसरलेला आहे. पुण्यातीलच राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका शोधली. २०२५ मध्ये हा शोध जाहीर झाला. विश्वाचे वय सुमारे १५० कोटी वर्षे होते, त्या काळातील तिचे रूप आज आपल्याला दिसते.

विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे त्याहून अधिक काळ प्रवास केलेला प्रकाश असूच शकत नाही. मग दृश्य विश्वाची त्रिज्या १,३८० कोटी प्रकाशवर्षे का नाही? कारण प्रकाश प्रवासात असताना अवकाशही ताणले जात होते. ज्या ठिकाणाहून तो निघाला, ते ठिकाण दरम्यान आणखी दूर गेले. हा हिशेब केला, की दृश्य विश्वाची आजची त्रिज्या सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षे आणि व्यास ९,३०० कोटी प्रकाशवर्षे येतो. मुलांना सांगितला जाणारा आकडा तो हाच. हा आपल्या दृष्टीच्या मर्यादेचा आकडा आहे; संपूर्ण विश्वाचा नव्हे.

गोराईच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्राचे क्षितिज पाच किलोमीटरच्या आतच दिसते. म्हणून समुद्र तेथे संपतो, असे कोणी मानत नाही. शंभर मीटर उंचीच्या इमारतीवर गेल्यास तेच क्षितिज सुमारे ३५ किलोमीटरवर सरकते. विश्वाच्या क्षितिजाबाबत अशी सोय नाही. तेथे चढायला मजला नाही, केवळ काळ जाण्याची वाट पाहता येते. त्यातही १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळल्यापासून हेही स्पष्ट झाले आहे, की कितीही काळ थांबलो, तरी काही भाग आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

सांत, तरीही सीमाहीन

विश्व सांत असेल, तर त्याची सीमा कोठे आणि सीमेपलीकडे काय, हा पुढचा प्रश्न. प्राचीन ग्रीकांनीही तो विचारला होता. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत विश्वाला लागू केला, तेव्हा त्यातून एक अनपेक्षित शक्यता पुढे आली. विश्व सांत असूनही सीमाहीन असू शकते.

पृथ्वीचा पृष्ठभाग हे याचे सोपे उदाहरण. त्याचे क्षेत्रफळ ठरावीक आहे, पण त्यावर कितीही चालले तरी 'येथे पृथ्वी संपली' अशी पाटी कोठेही लागत नाही. सरळ चालत राहिलेला माणूस अखेर मूळ जागी परततो. आइन्स्टाइन यांच्या विश्वात हीच गोष्ट तीन मितींच्या अवकाशाबाबत घडते.

वक्रता नसतानाही असे घडू शकते. जुन्या मोबाइलवरील सापाचा खेळ अनेकांना आठवत असेल. त्याच्या काही प्रकारांत साप पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेला, की डावीकडून आत येतो. पडदा सपाट आणि लहानच असतो, पण सापाच्या दृष्टीने त्याला कडा नसते. विश्वही असे स्वतःशीच जोडलेले असू शकते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. महास्फोटाच्या वेळी सारे विश्व एका बिंदूत होते, म्हणून ते सांतच असले पाहिजे, असे अनेकांना वाटते. वास्तविक आज आपल्याला दिसणारा भाग तेव्हा अतिशय लहान जागेत सामावलेला होता, एवढेच या सिद्धांतातून निघते. विश्व आज अनंत असेल, तर ते तेव्हाही अनंतच होते. फक्त अतिशय घन होते. महास्फोट हा एखाद्या ठिकाणी झालेला बॉम्बस्फोट नव्हता. तो सर्वत्र घडला.

कोल्हापूर, केंब्रिज, कुलाबा

या वादात एका मराठी शास्त्रज्ञाने जवळजवळ सारे आयुष्य वेचले. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि सापेक्षता सिद्धांतावर संशोधन करीत होते. जयंतरावांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला होता. त्यानुसार विश्वाला आरंभ नाही, शेवट नाही आणि विस्तारालाही अंत नाही. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य अत्यल्प प्रमाणात सतत निर्माण होत राहिल्याने त्याचे स्वरूप कायम तेच राहते. याउलट महास्फोट सिद्धांतात विश्वाला आरंभ आहे आणि काळानुसार त्याचे रूप बदलते. दूरचे विश्व पाहणे म्हणजे जुने विश्व पाहणे. त्यामुळे दूरच्या आणि जवळच्या भागांत फरक दिसतो का, यावर निवाडा होऊ शकत होता.

केंब्रिजमधीलच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांच्या गणनेवरून १९६१ मध्ये स्थिर स्थितीच्या विरोधात निष्कर्ष मांडला. त्याला हॉइल यांच्यासह उत्तर देणाऱ्या नारळीकरांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे १९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांनी साऱ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचा शोध जाहीर केला. उष्ण आरंभाची ही खूण मानली गेली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले.

नारळीकर १९७२ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. याच संस्थेच्या गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटी येथील रेडिओ दुर्बिणीतून दूरच्या स्रोतांचे कोनीय आकार अभ्यासले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्षही बदलत्या विश्वाकडे बोट दाखवणारे होते. म्हणजे विश्वरचनेच्या या वादाच्या दोन्ही बाजू मुंबईतील एकाच संस्थेत एकत्र नांदत होत्या.

नारळीकरांनी आपली भूमिका सोडली नाही. हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासमवेत त्यांनी १९९३ मध्ये स्थिर स्थितीचे सुधारित रूप मांडले. त्यात विश्व दीर्घ कालखंडांत आकुंचन-प्रसरण पावत राहते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. मात्र १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि नारळीकर संस्थापक संचालक असलेल्या 'आयुका'मध्ये महास्फोट सिद्धांताच्या चौकटीतील संशोधनही जोमाने झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या मताविरुद्ध जाणारे संशोधन आपल्याच संस्थेत वाढू देणे, हा त्यांच्या कार्याचा फारसा न सांगितला गेलेला भाग आहे.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज

अवकाश वक्र आहे की सपाट, हे मोजायचे कसे? शाळेत शिकवतात, की त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असते. हे सपाट कागदावर खरे आहे. पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत मोठा त्रिकोण काढला, तर ही बेरीज १८० अंशांहून अधिक भरते. विश्वातही पुरेसा मोठा त्रिकोण मिळाला, तर त्याच्या कोनांवरून वक्रता कळू शकते.

असा त्रिकोण सूक्ष्मलहरींच्या त्या प्रारणानेच उपलब्ध करून दिला. विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे असताना हे प्रारण मोकळे झाले. त्यात किंचित उष्ण आणि किंचित थंड असे ठिपके आहेत. त्यांचा प्रत्यक्षातील आकार सिद्धांतावरून काढता येतो आणि अंतरही ठाऊक आहे. अवकाश सपाट असेल, तर हे ठिपके आकाशात सुमारे एक अंशाचे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या दुप्पट रुंदीचे दिसायला हवेत. अंटार्क्टिकावर सोडलेल्या बूमरँग या बलूनवरील उपकरणाने २००० मध्ये नेमके हेच दाखवले. त्यानंतर अमेरिकेच्या डब्ल्यूमॅप आणि युरोपच्या प्लांक या उपग्रहांनी मोजमाप अधिक काटेकोर केले. प्लांकची निरीक्षणे आणि दीर्घिकांच्या वितरणाची मोजमापे एकत्र केल्यास अवकाश सुमारे ०.२ टक्क्यांच्या अचूकतेपर्यंत सपाट ठरते.

मात्र 'सपाट ठरते' याचा अर्थ 'अनंत ठरते' असा नाही. कोणतेही मोजमाप वक्रता नेमकी शून्य आहे, असे सिद्ध करू शकत नाही. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी सपाटच वाटते. विश्व गोलासारखे बंदिस्त असेल, तर ते दृश्य विश्वाच्या कित्येक पट मोठे असले पाहिजे, एवढेच यातून निष्पन्न होते. २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी केवळ प्लांकच्या निरीक्षणांवरून विश्व बंदिस्त असण्याचा कल दिसतो, असा दावा केला. अन्य निरीक्षणे जोडल्यावर हा कल नाहीसा होतो, त्यामुळे तो सर्वमान्य झालेला नाही.

आकाशातील जुळी वर्तुळे

विश्व सपाट असूनही सापाच्या खेळातील पडद्यासारखे सांत असेल, तर ते ओळखण्याची एक युक्ती आहे. अशा विश्वात एकाच ठिकाणाहून निघालेला प्रकाश दोन निराळ्या दिशांनी आपल्यापर्यंत येईल. त्यामुळे सूक्ष्मलहरींच्या नकाशात वेगवेगळ्या दिशांना तंतोतंत सारखी दिसणारी वर्तुळे सापडायला हवीत.

या शोधात भारतीय संशोधकांचा मोलाचा वाटा आहे. नंतर 'आयुका'त कार्यरत राहिलेले तरुण सौरदीप यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डिक बाँड आणि दिमित्री पोगोस्यान यांच्यासह अशा बंदिस्त विश्वांच्या खुणा प्रारणात कशा उमटतील, याचे गणित मांडले. २००३ मध्ये फ्रान्सच्या जाँ-पिएर ल्युमिने आणि सहकाऱ्यांनी विश्व बारा पंचकोनी पृष्ठांच्या घनाकृतीसारखे, साधारण फुटबॉलच्या घडणीचे असू शकते, अशी कल्पना मांडली आणि ती जगभर गाजली. २००४ मध्ये मात्र डब्ल्यूमॅपच्या नकाशात जुळी वर्तुळे शोधूनही सापडली नाहीत. प्लांकच्या नकाशातही ती आढळली नाहीत. त्यामुळे विश्व अशा रीतीने दुमडलेले असलेच, तर त्याच्या अनेक सोप्या प्रकारांत दुमडीचे अंतर दृश्य विश्वाच्या व्यासाच्या जवळपास किंवा त्याहून मोठे असले पाहिजे. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखवून दिले, की गुंतागुंतीच्या अनेक रचना अजून नाकारता आलेल्या नाहीत. हा शोध त्यामुळे पुन्हा सुरू झाला आहे.

भास्कराचार्यांची सावध भूमिका

भारतीय परंपरेतही विश्वाला मोजमाप देण्याचा प्रयत्न झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला.

या ग्रंथात 'खकक्षा', म्हणजे आकाशाच्या परिघाचा आकडा आहे : १८७ कोटी १२ लाख ६ हजार ९२० कोटी योजने. तो कसा आला, हेही कळते. सर्व ग्रह सारख्याच वेगाने अंतर कापतात, असे तेव्हा मानले जाई. चंद्राच्या कक्षेची लांबी ३ लाख २४ हजार योजने आणि एका कल्पातील त्याच्या फेऱ्या ५,७७५ कोटी ३३ लाख. या दोहोंचा गुणाकार म्हणजे हा आकडा.

लक्षणीय आहे ती त्यावरची टिप्पणी. काही जण याला ब्रह्मांडाचा परिघ मानतात, तर गोलाचे जाणकार सूर्यकिरण जेथवर काळोख दूर करतात तेथवरच्या आकाशाचा परिघ मानतात, असे भास्कराचार्य नोंदवतात. पुढे ते स्वतःचे मत देतात : ब्रह्मांड एवढे असो वा नसो, प्रत्येक ग्रह एका कल्पात एवढे अंतर कापतो. यावरून आधुनिक विश्वशास्त्र त्यांना ठाऊक होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांच्या गणिताचे गृहीतकच आज टिकणारे नाही. पण हिशेबाने हाती आलेला आकडा आणि विश्वाचा खरा आकार यांत फरक करण्याचा त्यांचा विवेक आजही मोलाचा आहे. दृश्य विश्वाच्या ९,३०० कोटी प्रकाशवर्षांकडे याच विवेकाने पाहायला हवे.

थोडक्यात

- दृश्य विश्व सांत आहे. त्याचा व्यास सुमारे ९,३०० कोटी प्रकाशवर्षे आहे.
- विश्वाला कडा किंवा भिंत असल्याचा कोणताही पुरावा नाही आणि सांत विश्वालाही अशा कडेची गरज नाही.
- अवकाश मोजता येईल तितपत सपाट आढळले आहे. हे अनंत विश्वाशी जुळते, पण अतिशय मोठ्या सांत विश्वाशीही जुळते.
- जुळी वर्तुळे किंवा तशी अन्य खूण उद्या सापडली, तर विश्व सांत असल्याचे सिद्ध होईल. ते अनंत असेल, तर मात्र तसे निरीक्षणाने सिद्ध करता येणार नाही, कारण क्षितिजापलीकडे पाहण्याचा मार्ग नाही.

तेव्हा घरातील मुलाने पुन्हा हा प्रश्न विचारला, तर 'दिसते तेवढे मोजले आहे, त्यापुढचे अजून माहीत नाही' हे उत्तर सर्वांत बरोबर ठरेल. अधिक जाणून घेण्याची इच्छा असल्यास वरळीचे नेहरू तारांगण मुंबईतच आहे. आणि शहराच्या दिव्यांपासून दूर, वांगणीसारख्या ठिकाणी काढलेली एक काळोखी रात्रही या प्रश्नाची व्याप्ती चांगली समजावून देते.